चोथ्याचे वडे

वसुधा आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आली तो रविवार मी विसरणं शक्य नाही. त्या दिवशी माझ्या घरी माझंच पनीर उरलं.

२००४ सालचा जुलै, सिंगापूर. चोआ चू कांग आणि जुरोंगच्या बाजूला राहणारी आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र जेवायचो. पाळीपाळीने एकेकीच्या घरी, असं ठरलेलं होतं. पण जेवण बहुतेक वेळा माझ्याकडेच व्हायचं. "सविताताई, तुमच्याच हातचं खायचंय," असं बायका म्हणायच्या, मी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि शनिवारपासून कामाला लागायचे. माझा नवरा श्रीनिवास बँकेत अकाउंटंट. त्याचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, म्हणजे आमच्या घरापासून बेटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. सकाळी साडेसातला घर सोडायचा, संध्याकाळी साडेसातला यायचा. मुलगी इशिता दहा वर्षांची, इथल्याच शाळेत. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. मी स्वतः नोकरी केली नाही. ठाण्याहून लग्न होऊन इथे आले त्याला चौदा वर्षं झाली होती आणि त्या चौदा वर्षांत लोकांनी मला ज्या एका गोष्टीसाठी ओळखावं अशी गोष्ट म्हणजे माझा स्वयंपाक. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

वसुधाचा नवरा ज्ञानेश्वर विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून नुकताच आला होता. दोघं अंबाजोगाईकडची. ज्ञानेश्वरच्या वडिलांचं डायलिसिस सुरू होतं, त्यामुळे पगारातला मोठा हिस्सा तिकडे जायचा, हे कोणीतरी मला आधीच फोनवर सांगितलं होतं. दारात उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर साधा कॉटनचा पंजाबी ड्रेस होता आणि हातात स्टीलचा डबा.

"ताई, काही विशेष नाही. भाजी आणलीय थोडी."

"अगं, कशाला उगाच," म्हणत मी तो डबा टेबलाच्या कडेला, पापडांच्या मागे ठेवून दिला. मध्यभागी माझं शाही पनीर होतं, त्यासाठी शनिवारी लिटल इंडियापर्यंत जाऊन आले होते. मसालेभात होता, मठ्ठा होता, श्रीखंड होतं.

वीस मिनिटांनी मी पोळ्यांची दुसरी चवड घेऊन बाहेर आले, तर आमच्यातल्याच राधिकाचा नवरा विक्रांत तो डबा पोळीच्या तुकड्याने पुसत होता. हा मोठ्या बँकेतला माणूस, जुरोंग ईस्टच्या काँडोमध्ये, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीत, राहणारा.

"वहिनी, कसली भाजी ही?"

"फ्लॉवरच्या पानांची. पानं आणि दांडे. फ्लॉवर काल खाल्ला."

सगळे हसले. तेवढ्यात श्रीनिवास पुढे झाला. माझ्या हातचं जेवून 'छान झालंय' या दोन शब्दांपलीकडे जो कधी गेला नाही, तो डब्यात बोट घालून बोट चाटत म्हणाला, "ह्यात येसर आहे ना?"

येसर म्हणजे तिकडचा, भाजलेल्या डाळी-धान्यांचा मसाला. वसुधाचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हाला येसर माहितीये?"

"म्हणजे काय! वडील लातूरला बदलीवर होते तेव्हा मी सातवी-आठवीत होतो. शेजारच्या काकू येसराची आमटी द्यायच्या. वाटी धुवायची गरज पडायची नाही."

मला हे माहीत नव्हतं. लातूरला होते हे माहीत होतं, पण काकू, आमटी, चाटलेली वाटी यातलं काही मला त्याने चौदा वर्षांत सांगितलं नव्हतं. आणि या कालच्या पोरीला पाच मिनिटांत सांगितलं. मी पोळ्या टेबलावर ठेवल्या आणि आत जाऊन उगाच गॅस पुसत बसले. रात्री उरलेलं पनीर फ्रिजमध्ये ठेवताना मला वाटलं, त्यात क्रीम जरा जास्तच झालं होतं का? असं मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर दर महिन्याला तेच व्हायला लागलं. तिने एकदा ब्रेडच्या कडांचा उपमा आणला. एकदा कलिंगडाच्या सालीच्या पांढऱ्या भागाची भाजी आणली, दाण्याचं कूट लावून. एकदा शिळ्या पोळ्यांचा गूळ घालून लाडू. प्रत्येक वेळी डबा आधी रिकामा व्हायचा आणि प्रत्येक वेळी ती "काही विशेष नाही" म्हणायची. ते तिचं "काही विशेष नाही" मला सगळ्यात जास्त टोचायचं. माझ्या पदार्थांत काजू होते, केशर होतं, दोन दिवसांची मेहनत होती. तिच्यात काय होतं?

मी कोतेपणा किती केला तेही सांगते. तिने विचारलं, "ताई, इथे कढीपत्ता कुठे मिळतो?" मी म्हटलं, "फक्त लिटल इंडियात गं, आणि महाग असतो." आमच्या शेजारच्याच ब्लॉकखाली कढीपत्त्याचं डोक्याएवढं उंच झाड होतं, कोण्या तमिळ आजोबांनी लावलेलं. मी रोज तिथून न्यायचे. आठवड्याभरात वसुधा माझ्या दारात हजर, हातात कढीपत्त्याची हिरवीगार फांदी. "ताई, तुम्ही लांबून आणता ना, म्हणून तुमच्यासाठी घेऊन आले. इथे खालीच आहे झाड!" मी हसून फांदी घेतली. तिच्या डोळ्यांत टोमणा शोधत होते. तो नव्हता, याचाही मला राग आला.

सप्टेंबरात तिची खोली बघायचं निमित्त काढून मी तिच्याकडे गेले. दोन ब्लॉक सोडून मिसेस लिम नावाच्या एका चिनी विधवा बाईंच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती. सत्तरीच्या मिसेस लिमनी खोली देताना अट घातली होती: फक्त लाइट कुकिंग. म्हणजे दोन शेगड्यांपैकी एकच वापरायची, संध्याकाळी सहा ते साडेसात, आणि तळण अजिबात नाही. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, बघू आता हिची जादू.

ती स्वयंपाक करत होती आणि मी दाराला टेकून उभी होते. कुकरात खाली डाळ, वर भात, भाताच्या डब्याच्या झाकणावर दोन बटाटे. फोडणी तिने कढईत केलीच नाही. लोखंडी पळीत चमचाभर तेल, मोहरी, हिंग, लसूण. कुकर उतरवून पळी त्याच शेगडीवर धरली आणि तडतडल्याबरोबर डाळीत बुडवून वर ताटली झाकली. वास बाहेर जायच्या आत आत गेला. कांगकोंग या इथल्या पालेभाजीची हिरवी पानं डाळीत पडली. देठ मात्र तिने बाजूला ठेवले, बोटभर लांबीचे कापले आणि मग तव्यावर लसणावर परतले. चाळीस मिनिटांत डाळ, भात, भाजी, बटाट्याचं भरीत. एक शेगडी, एक कुकर, एक तवा.

मिसेस लिम आतून आल्या. स्वतःची वाटी घेऊन. मला वाटलं, तक्रार करायला आल्या असतील.

"टुडे फिफ्टीन्थ," त्या मला सांगायला लागल्या. "फर्स्ट अँड फिफ्टीन्थ, आय नो ईट मीट. शी कुक, आय ईट. व्हेरी शिओक, लाह."

म्हणजे चंद्राच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला त्या शाकाहारी असायच्या, आपल्या एकादशीसारखं, आणि त्या दोन दिवशी वसुधाचं जेवण जेवायच्या. शिओक म्हणजे एकदम झकास. मी इतकी वर्षं माझ्या शेजारच्या चिनी बाईला दर दिवाळीत चकल्या द्यायचे. ती हसून घ्यायची. स्वतःची वाटी घेऊन ती कधी माझ्या दारात आली नव्हती.

"ताई, जेवूनच जा," वसुधा म्हणाली. मी जेवले. आणि काय सांगू, त्या देठांची चव अजून जिभेवर आहे. घरी येताना लिफ्टमध्ये मी रडकुंडीला आले होते.

ऑक्टोबरात एका सकाळी वेट मार्केटमध्ये, म्हणजे इथल्या भाजी-मासळीच्या मंडईत, मला तिचं गुपित सापडलं. मी सहसा नऊच्या आत भाजी आणायचे. त्या दिवशी इशिताच्या शाळेत काम होतं म्हणून साडेअकरा झाले. गाळे बंद होत होते, फरशीवर पाणी मारत होते. वसुधा एका भाजीवालीच्या गाळ्याशी उभी होती. भाजीवालीने फ्लॉवरची सोललेली पानं, कोबीचे वरचे पापुद्रे, मुळ्याचा पाला असं सगळं एका पिशवीत कोंबलं आणि तिच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. तिथून वसुधा सोयाचं दूध विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. दूध गाळून झाल्यावर उरलेला पांढरा चोथा त्याने बादलीतून काढून तिला दिला.

मी मासळीच्या गाळ्यामागे उभी होते. मला जे वाटलं तो आनंद होता, दुसरं काही नाही. फ्लॉवर काल खाल्ला म्हणे! हिने फ्लॉवर घेतलाच नव्हता. आम्ही सगळे महिनोन् महिने टाकलेला पाला खाऊन बोटं चाटत होतो. घरी येईपर्यंत मी हे कोणाकोणाला आणि कसं सांगायचं याचे बेत करत होते. पण सांगितलं नाही. कोणी विचारलं असतं, 'तू तिच्या मागे का उभी होतीस?' तर काय सांगणार होते?

डिसेंबरात राधिकाच्या सासूबाई मुंबईहून आल्या आणि त्यांची पंच्याहत्तरी करायचं ठरलं. काँडोचा हॉल घेतला होता, चाळीसेक माणसं होती. अशा प्रसंगी राधिकाचा पहिला फोन मला यायचा. या वेळीही आला.

"सविताताई, जेवण केटररचं आहे, तुम्हाला त्रास नाही. फक्त मधल्या वेळचं काहीतरी घरचं हवं होतं, तर मी वसुधाला सांगितलंय. त्या दिवशीचे वडे काय सुंदर होते ना तिचे!"

"कुठल्या दिवशीचे?"

"अय्या, तुम्ही नव्हतात का? माझ्याकडे केले होते तिने."

म्हणजे माझ्याशिवायही ही मंडळी भेटत होती. मी फोन ठेवला. श्रीनिवासने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही विशेष नाही." आणि ते शब्द कोणाचे आहेत हे लक्षात येऊन मला स्वतःचाच संताप आला.

समारंभाच्या दिवशी सकाळी नऊला बेल वाजली. दारात वसुधा, दोन्ही हातात पिशव्या.

"ताई, एक मागू का? आमच्या मालकीणबाई तळू देत नाहीत. मागच्या वेळी राधिकाताईंकडेच तळले होते, पण आज त्यांच्या घरी पाहुणे. तुमच्याकडे तळले तर चालतील?"

नाही कसं म्हणणार? मी तिला ओटा मोकळा करून दिला. मोठी कढई होती, ती दिली नाही. हँडल हलणारी जुनी दिली. तिने पिशवीतून पातेलं काढलं. आत भिजवलेल्या डाळीसारखं पिवळसर पीठ होतं, त्यात ठेचा, कांदा, कोथिंबीर, दाण्याचं कूट.

"कशाचे आहेत गं?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग कढईकडे. "तुम्हालाच सांगते, ताई. सोयाचा चोथा आहे. मार्केटातले अंकल देतात. भाजीचा पालासुद्धा मी बरेचदा तसाच आणते, फुकट. ह्यांना माहीत नाही. ह्यांना वाटतं मी विकतच आणते, जपून वापरते. कळलं तर फार लागेल त्यांना. त्यांचा स्वभाव फार मानी आहे. तुम्ही मोठ्या बहिणीसारख्या, म्हणून बोलले."

"माझ्याकडून कुठे जाणार?" मी म्हटलं. तेव्हा ते मनापासूनच म्हटलं होतं, असं मला अजून वाटतं.

दोन तास ती तळत होती आणि मी तिला चाळणीवर कागद घालून देत होते. वडे सोनेरी, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. तळता तळता एक मोडला तो तिने फुंकर मारून मला भरवला. भरवला म्हणजे अक्षरशः तोंडात घातला. इतका चांगला वडा मी आयुष्यात केला नव्हता, आणि तो माझ्या घरात, माझ्या गॅसवर, माझ्या जुन्या कढईत झाला होता.

संध्याकाळी काँडोच्या हॉलमध्ये वडे दहा मिनिटांत निम्मे झाले. राधिकाच्या सासूबाईंनी वसुधाला जवळ बसवून घेतलं. श्रीनिवासच्या ताटलीत पाचवा वडा होता. ज्ञानेश्वर एका बाजूला उभा होता. अबोल, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. बायकोचं कौतुक ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं तसं मी श्रीनिवासच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात विक्रांत मोठ्याने म्हणाला, "सविताताई, तुमची गादी गेली बरं का!"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसत हसतच माझ्या तोंडून गेलं, "अहो, चव येणारच की! फुकटचा माल आहे. सोयाचा चोथा. दूधवाला फेकून देतो ना, तो आणते ही मार्केटातून. डुकरांना घालतात म्हणे इकडे. भाजीचा पालासुद्धा असाच, गाळे बंद व्हायच्या वेळी गोळा केलेला. हुशार आहे हं आमची वसुधा!"

कोणी थुंकलं नाही की ताटली ठेवली नाही, म्हणजे लगेच नाही. पण चावलेला वडा अर्धाच राहिला आणि हळूहळू ताटल्या खिडकीच्या कट्ट्यावर जमा व्हायला लागल्या. सासूबाई "काय म्हणाली ती?" असं राधिकाला विचारत होत्या. वसुधा माझ्याकडे बघत नव्हती. ती ज्ञानेश्वरकडे बघत होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने हातातली ताटली नीट, आवाज न करता टेबलावर ठेवली आणि तो बाहेर स्विमिंग पूलकडे निघून गेला. ती त्याच्या मागे गेली. ती दोघं परत आत आली नाहीत.

इशिता माझा हात ओढत म्हणाली, "मम्मा, व्हाय यू से लाइक दॅट?"

श्रीनिवासने मात्र आपला पाचवा वडा संपवला. मग सहावा घेतला. तो खाताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. घरी जाताना MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, तो माझ्या समोरच्या बाकावर बसला, शेजारची जागा रिकामी असून.

जानेवारीच्या रविवारी ती दोघं आली नाहीत, फेब्रुवारीतही नाही. जेवण माझ्याकडे होतं. पनीर संपलं, श्रीखंड संपलं, "सविताताई, काय चव आहे!" असं बायका म्हणाल्या. माझी जागा मला परत मिळाली होती. पण त्या बायका आता माझ्यासमोर जरा सांभाळून बोलायच्या. आणि मी मनातल्या मनात प्रत्येक पदार्थाच्या शेजारी तिचा पदार्थ ठेवून बघायचे. हेवा वाटायला ती समोर असायची गरज उरली नव्हती.

मार्चमध्ये एका सकाळी साडेअकराला मी वेट मार्केटमध्ये गेले आणि सोयावाल्या म्हाताऱ्याकडे चोथा मागितला. कशासाठी? ते वडे मला करून बघायचे होते. तिला जमतं ते मला जमलंच पाहिजे, दुसरं कारण नव्हतं.

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "यू फ्रेंड ऑफ द इंडियन लेडी? थिन वन? नाऊ कम विथ हजबंड."

मी चमकले. नवऱ्याबरोबर येते?

घरी आले, चोथ्यात ठेचा, कांदा सगळं तिच्यासारखं, बांधायला अंदाजाने डाळीचं पीठ घातलं आणि पहिला वडा तेलात सोडला. तो सुटला आणि तेलभर पसरला. दुसरा तसाच. तिसऱ्यात पीठ दुप्पट घातलं तर दगड झाला. मी गॅस बंद केला, खुर्चीत बसले आणि किती तरी वेळ त्या काळ्या तेलाकडे बघत राहिले. मग चपला घातल्या आणि तिच्याकडे गेले. रडत वगैरे नव्हते. मला फक्त कळत होतं की आता नाही गेले तर कधीच जाणार नाही.

दार मिसेस लिमनी उघडलं. मला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण आत घेतलं. वसुधा खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मला बसायला सांगितलं नाही. खोलीत बसायला एक पलंगच होता.

"वसुधा, मी चुकले."

ती घड्या घालत राहिली. "खोटं नव्हतं ना बोललात. चोथाच होता."

"तू मला विश्वासाने सांगितलं होतंस."

"हो." एक शर्ट, दुसरा शर्ट. "ताई, लोकांचं मला काही वाटलं नाही. आमच्या आईने सुद्धा असंच घर चालवलं. पण हे माझ्या हातचं जेवले नाहीत. चार दिवस. कँटीनमध्ये खातो म्हणाले. खात नव्हते, मला माहितीये. परवडत नाही."

"मग?"

"पाचव्या दिवशी भूक लागली," ती म्हणाली. त्यात हसू आहे का, मला कळलं नाही. "जेवले, आणि शनिवारी म्हणाले, चल, मी येतो मार्केटात. तेव्हापासून येतात. पिशवी ते धरतात. अंकलना आपणहून थँक यू म्हणतात."

मी म्हटलं, "मला तुझा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून. अजूनही वाटतो."

आता तिने घडी खाली ठेवली. "माझा?" तिने खोलीभर नजर फिरवली: पलंग, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात रचलेले डबे. ती खरंच बुचकळ्यात पडली होती. मग म्हणाली, "ताई, मंगळवारी तुमचा ओटा मोकळा असतो का?"

"असतो. का?"

"ह्यांना भजी फार आवडतात. आठ महिन्यांत मी एकदाही केलेली नाहीत. मंगळवारी दुपारी मी येईन. तेल माझं आणीन. आणि मोठी कढई द्या, ती हँडल हलणारी नको."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कढईसुद्धा. आणि कोणास ठाऊक, कदाचित कढीपत्त्याचंही.

पुढची पावणेदोन वर्षं ती दर मंगळवारी आली. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. 'मोठ्या बहिणीसारख्या' हे शब्द तिने पुन्हा उच्चारले नाहीत. ती तळायची, मी शिकायचे. चोथा आधी फडक्यात घट्ट पिळायचा, मग कोरड्या तव्यावर पार मोकळा होईपर्यंत भाजायचा, आणि बांधायला पीठ नाही, भिजवलेले पोहे घालायचे, हे तिने मला तिसऱ्या मंगळवारी सांगितलं. पहिल्या दोन मंगळवारी मुद्दाम सांगितलं नसेल, असं मला वाटतं. तिचा तो हक्क होता. माझे वडे जमायला लागले. तिच्या वड्यांशेजारी ठेवले तर कोणते कोणाचे हे श्रीनिवास डोळे मिटून ओळखायचा आणि मला वाईट वाटू नये म्हणून ओळखता येत नाही असं म्हणायचा. त्याचं ते खोटं मला समजायचं आणि त्या प्रत्येक वेळी तिचा तोच जुना हेवा वाटायचा.

२००६ च्या शेवटी ज्ञानेश्वरला औरंगाबादला प्राध्यापकाची नोकरी मिळाली. वडील तोवर गेले होते. विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. वसुधा सगळ्यांना भेटली, मला वाकून नमस्कार केला. ती आत दिसेनाशी झाली तेव्हा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते: सुटल्यासारखं वाटलं. आता या बेटावर तरी तिच्याशी तुलना होणार नाही.

आठवड्याने मिसेस लिम माझ्या दारात आल्या. हातात स्वतःची वाटी नव्हती, पण चेहरा वाटी घेऊन आल्यासारखाच.

"टुमॉरो फर्स्ट डे. यू कुक फॉर मी, कॅन ऑर नॉट?"

मी दुसऱ्या दिवशी कांगकोंगची डाळ आणि भात केला, देठ वेगळे परतले, फोडणी पळीत केली. सगळं तिने केलं तसंच. डबा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्या जेवेपर्यंत समोर उभी राहिले. त्यांनी सगळं संपवलं, अगदी शितासकट. तोंड पुसलं.

"नाइस," त्या म्हणाल्या. "बट नॉट सेम, लाह."

मी डबा धुऊन घेतला आणि घरी आले. पंधराव्या तिथीला पुन्हा गेले.